रग्बीच्या मॅचला बाबांना आणायचं की नाही?

गेल्या अंकात मी सहज जाता जाता एक ओळ लिहिली होती, की आपल्या बडोद्यात शाळकरी पोरांची रग्बी बघायला गेलं तर पोरांपेक्षा आईबापच जास्त दमून घरी येतात, ओरडून ओरडून. झालं, त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की गुडघेदुखी, डाएट, प्रोटीन पावडर सगळे प्रश्न यावेळी बाजूला ठेवलेत, ज्यांनी ते पाठवलेत त्यांनी रागावू नका, पुढच्या महिन्यात नक्की घेते. नवीन वाचकांसाठी सांगते, मी वीसेक वर्षं कबड्डीची पंच होते, रग्बीशी माझा संबंध आला तो भाचीमुळे, ती खेळायला लागली आणि मी डबा घेऊन मैदानाच्या कडेला बसायला लागले.

ताई, माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, वर्षभर झालं सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणांची रग्बी, खेळतोय. मिस्टर तसे अगदी शांत, दुकानात गिऱ्हाईकावर सुद्धा कधी आवाज चढवत नाहीत, पण मॅच सुरू झाली की अंगात येतं. रेफरीने शिट्टी वाजवायच्या आत हेच ओरडतात. मागच्या रविवारी तर रेषा ओलांडून दोन पावलं आत गेले. येताना गाडीत पोरगा एक शब्द बोलला नाही आणि रात्री मला हळूच म्हणाला, आई, पुढच्या मॅचची वेळ बाबांना सांगू नकोस. यांना सांगितलं तर यांना लागेल, नाही सांगितलं तर पोराला. काय करू?
*एक आई, मांजलपूर*

वेळ लपवू नका. एकदा लपवलीत तर दर रविवारी लपवावी लागेल आणि मग तो मुलगा त्या खोट्यात तुमचा पार्टनर होईल, तेराव्या वर्षी ते ओझं त्याला कशाला.

तुमच्या मिस्टरांना मी नावं ठेवणार नाही कारण मी स्वतः हेच केलंय, आणि मी तर पंच होते, मला कळायला हवं होतं. भाचीची तिसरी का चौथी मॅच असेल, समोरच्या टीमच्या मुलीने बॉल सोडायचा तर दाबून धरून ठेवला, मला इथून साफ दिसलं, आणि मी उठून उभी राहून "पेनल्टी, अहो पेनल्टी" करत सुटले. रेफरी कॉलेजमधला पोरगा होता, त्याने माझ्याकडे बघितलं पण नाही, फक्त एक हात कमरेच्या उंचीवर आडवा धरून पळत राहिला. मला वाटलं हा हात कशाला लांब करून पळतोय, शिट्टी वाजव ना बाबा. तेवढ्यात आमच्या पोरीने बॉल उचलला, दोन पास झाले आणि माझी भाची कोपऱ्यात जाऊन ट्राय टाकून, म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे बॉल टेकवून आली, मी तेव्हाही पेनल्टी पेनल्टीच करत होते. तो आडवा हात म्हणजे अॅडव्हान्टेज होता. फाउल मी पाहिला आहे, पण फाउल ज्यांच्यावर झाला त्यांचा फायदा होतोय तर खेळू दे, फायदा नाही झाला तर मागे येऊन पेनल्टी देईन, एवढं सगळं तो त्या एका हाताने सांगत होता. म्हणजे माझ्या म्हणण्याप्रमाणे त्याने शिट्टी वाजवली असती तर ट्रायच झाला नसता. भाचीने ट्राय टाकल्यावर माझ्याकडे जे बघितलं ना, ते अजून लक्षात आहे, तिचे कान लाल झाले होते, उन्हाने नाही.

तर पहिली गोष्ट ही, की मिस्टरांना "ओरडू नका" असं सांगून उपयोग नाही, मला पण घरच्यांनी सांगून झालं होतं. मुलाला सांगा बाबांना नियम शिकव. खरंच सांगते, तेरा वर्षाच्या पोराला बापाला शिकवायला मिळालं तर तो सोन्यासारखा शिकवतो, जेवणाच्या टेबलवर वाटी म्हणजे बॉल आणि चमचे म्हणजे खेळाडू. हात आडवा म्हणजे अॅडव्हान्टेज, हात तिरका वर म्हणजे पेनल्टी, हे दोन इशारे कळले तरी निम्मा आरडाओरडा कमी होतो, कारण निम्मा आरडाओरडा जे आधीच दिलंय ते मागण्यासाठीच असतो.

दुसरी, ती रेषा ओलांडायची गोष्ट मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. रग्बीत मैदानातल्या खेळाडूलाही रेफरीशी वाद घालता येत नाही, नियमात चक्क लिहिलंय की खेळाडूने रेफरीचा अधिकार मानायचा, निर्णयावर हुज्जत घालायची नाही. बोलायचं तर कॅप्टनने, ते पण खेळ थांबलेला असताना आणि नीट. पेनल्टी दिल्यावर कोणी तोंड चालवलं तर रेफरी तीच पेनल्टी दहा मीटर पुढे नेतो, आणि फारच झालं तर यलो कार्ड. सेव्हन्समध्ये यलो म्हणजे दोन मिनिटं बाहेर, वाटतं दोनच मिनिटं, पण सात सात मिनिटांचे दोन हाफ असतात हो, चौदा मिनिटातली दोन मिनिटं सहा जणांनी खेळायचं. आता विचार करा, ज्या पोराला हे सगळं सरांनी घोटून घोटून शिकवलंय, ज्याला स्वतः "सर" म्हटल्याशिवाय रेफरीशी बोलायची परवानगी नाही, त्याचा बाप बाहेरून "आंधळा आहेस का" म्हणतोय आणि आत पण येतोय. तो लाजणार नाही तर काय करणार.

तिसरी गोष्ट माझ्या अनुभवाची, अशा माणसाला काम द्या. आता उत्तरायण झालंय, मैदानावर मांजा पडलेला असतो तुम्हाला माहितेय, आमच्याकडे मॅचच्या आधी मोठी माणसं एका ओळीत हाताच्या अंतरावर उभी राहून सगळं ग्राउंड चालत जातात आणि मांजा गोळा करतात, कारण पळत्या पोराच्या गळ्यात किंवा पायात तो अडकला तर कापतोच. मिस्टरांना ही ओळ लावायचं काम द्या, मग पाण्याच्या बाटल्या, मग स्कोअर लिहायचा. स्कोअर लिहिणाऱ्या माणसाला मान खाली घालावीच लागते, ट्रायचे पाच, त्यानंतरच्या किकचे म्हणजे कन्व्हर्जनचे दोन, चुकलं तर लोक त्यालाच ओरडतात!

आणि गाडीत मॅचबद्दल बोलणं बंद. निदान घर येईपर्यंत. बाबांनी फक्त विचारायचं, भूक लागली का.

तुमचं म्हणणं असं दिसतंय की पालकांनी तोंड शिवून बसायचं. मागच्या महिन्यात आमच्या मुलांच्या मॅचमध्ये समोरच्यांनी उघड उघड फॉरवर्ड पास दिला, हाताने बॉल पुढे फेकायला बंदी असून बॉल दोन तीन मीटर पुढे गेला, माझ्या आजूबाजूच्या सगळ्यांनी बघितला, रेफरीने नाही बघितला. ट्राय दिला आणि आम्ही दोन पॉइंटनी हरलो. चुकीला चूक म्हणायचं नाही का? रेफरी म्हणजे काय देव आहे का?
*एक बाबा, अलकापुरी*

देव नाही हो, देव असता तर रविवारी सकाळी साडेसातला आपल्या पोरांसाठी कशाला आला असता.

पण आधी पासचं बघू कारण हे मलाही खूप उशिरा कळलं. तुम्ही अॅक्टिव्हावर मागे बसला आहात, गाडी चाललीये, आणि तुम्ही किल्ली सरळ वर उडवली तर ती मागे रस्त्यावर पडते का? नाही, तुमच्याच हातात येते, कारण गाडीचा वेग तिलाही असतो. तसंच पळणाऱ्या पोराच्या हातातल्या बॉलला पोराचा वेग असतो. पोरगा सेकंदाला सहा मीटर पळतोय आणि त्याने बॉल अगदी सरळ आडवा फेकला, बॉल अर्धा सेकंद हवेत राहिला, तर जमिनीवरच्या हिशोबाने तो तीन मीटर पुढेच जाऊन पोचतो, आणि फेकणाऱ्याला लगेच कोणी पाडलं असेल तर तो मागे राहतो आणि बॉल आणखीनच पुढे गेल्यासारखा दिसतो. म्हणून रेफरी बॉल कुठे पडला ते बघत नाही, हात कुठल्या दिशेने गेले ते बघतो. हात समोरच्यांच्या बाजूला गेले तर फॉरवर्ड. तुम्ही जे दोन तीन मीटर म्हणताय ना, तेवढे तर नियमात बसणाऱ्या पासलाही सहज होतात. त्यात तुम्ही उभे होतात रेषेवर तिरके, बरोब्बर समोर असाल तरच काही सांगता येतं.

आता समजा तुमचंच बरोबर, पास खरंच फॉरवर्ड होता. होतं असं. २००७ च्या वर्ल्ड कपच्या क्वार्टर फायनलमध्ये कार्डिफला फ्रान्सने न्यूझीलंडला २०-१८ ने हरवलं, बघा, दोनच पॉइंट, तुमच्यासारखंच. फ्रान्सच्या शेवटच्या ट्रायच्या आधी एक पास फॉरवर्ड गेला होता तो रेफरी वेन बार्न्सला दिसला नाही. बार्न्स तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. न्यूझीलंडमध्ये त्याला इतक्या शिव्या पडल्या की काही वर्षं त्याचं नाव तिकडे शिवीसारखंच वापरत असतील. पण तो रेफरीच राहिला, शंभराच्या वर इंटरनॅशनल मॅचेस केल्या, आणि २०२३ ची वर्ल्ड कप फायनल त्यालाच मिळाली, त्यात पण न्यूझीलंडच, आणि यावेळी ते एका पॉइंटने हरले, १२-११, दक्षिण आफ्रिकेकडून. परत तेच, त्याला, त्याच्या घरच्यांना धमक्या, आणि त्या मॅचचा व्हिडिओ बघणारा पंच टॉम फोली, त्याने तर ह्या त्रासापायी इंटरनॅशनल मॅचेस सोडूनच दिल्या. मला हे वाचून कसंतरी झालं. एवढे कॅमेरे, एवढे रिप्ले असून तिथे भांडणं मिटत नाहीत, आणि आपल्याकडे एक शिट्टी, एक हाफपँट आणि कधी कधी लाइनवर झेंडा धरायला कोणाचा तरी मोठा भाऊ, बस.

चूक म्हणायची जागा आहे, नाही असं नाही. मॅच झाल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी, कोचने, पालकाने नाही, आयोजकांकडे किंवा रेफरींचं बघणारा जो कोणी असेल त्याच्याकडे लिहून द्यायचं, कोणती वेळ, काय झालं, एवढंच. चांगले रेफरी स्वतःहून विचारतात, मी कुठे उभं राहायला हवं होतं म्हणून. पण चारचौघात वाभाडे काढायचे नाहीत, हे मोठ्या लोकांनाही लागू आहे. दक्षिण आफ्रिकेचे रासी इरॅस्मस, वर्ल्ड कप जिंकून दिलेला माणूस, त्यांनी २०२१ मध्ये एका मॅचनंतर रेफरीच्या चुका दाखवणारा तासाभराचा व्हिडिओ केला, ६२ मिनिटांचा, तो सगळीकडे फिरला, आणि त्यांना दोन महिने रग्बीच्या सगळ्या कामातून बाहेर बसवलं आणि पुढे बरेच महिने मॅचच्या दिवशी टीमबरोबर यायला बंदी. त्यातल्या काही चुका खऱ्या असतीलही, तो मुद्दाच नव्हता.

आणि भाऊ, एक विचारू? त्या चौदा मिनिटात आपल्या पोरांनी टॅकल, म्हणजे बॉलवाल्याला पकडून पाडायचे चान्स, किती सोडले, ते मोजले होते का आजूबाजूच्यांनी?

मावशी, मी सतरा वर्षांची आहे, अजून खेळते आणि दोन महिन्यांपासून बारा वर्षांखालच्या मुलांच्या मॅचेसना रेफरी म्हणून उभी राहते. मला आवडत होतं. पण गेल्या वेळी एक आजोबा पूर्ण मॅच माझ्या मागे लाइनवरून चालत होते आणि प्रत्येक शिट्टीला बोलत होते, आंधळी छे के शुं, छोकरीने शुं खबर पडे, असं. मी रडले नाही पण सेकंड हाफमध्ये शिट्टी वाजवायलाच भीती वाटायला लागली, दोन हाय टॅकल सोडून दिले. आता पुढच्या रविवारी जाऊ नये असं वाटतंय.
*दांडिया बाजार*

अगं बाळा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. "दोन हाय टॅकल सोडून दिले" हे तू स्वतः लिहिलंस, दुसऱ्या कोणाला कळलं पण नसतं. ज्याला आपलं काय चुकलं ते कळतं तो पंच होतो गं, बाकी शिट्टी काय, दहा रुपयात मिळते.

पण तुझ्या त्या वाक्यात एक मोठी गोष्ट आहे जी मला त्या आजोबांना ऐकवायची आहे. आजोबा, तुम्ही बोलत होतात म्हणून ती घाबरली, ती घाबरली म्हणून खांद्याच्या वरचे दोन टॅकल तिने सोडले, आणि ते टॅकल बारा वर्षांच्या पोरांच्या मानेवर झाले. कदाचित तुमच्याच नातवाच्या.

आता तुला काय करायचं ते सांगते, हे मी कबड्डीत शिकले, कारण कबड्डीत तर सगळी टीम, कोच, कोचचा मेव्हणा, सगळे पंचाच्या भोवती गोळा होतात. माझ्या सुरुवातीच्या एका मॅचला एक जण म्हणाला होता, ही काय शिट्टी वाजवणार, घरी कुकरची शिट्टी मोजत असेल. मी त्याच्याकडे बघून चुकून हसले आणि त्याला वाटलं मी खेळीमेळीत घेतलं, मग तो चाळीस मिनिटं थांबलाच नाही. तर हसायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, त्या माणसाकडे वळायचं पण नाही. मॅचच्या आधी दोन्ही कोचना बोलवून शांतपणे सांगायचं, सर, तुमच्या बाजूचे पालक तुमची जबाबदारी, काही झालं तर मी तुमच्याकडे येणार, त्यांच्याकडे नाही. मग झालंच तर पुढच्या शिट्टीला घड्याळ थांबव, कोचला हात करून बोलव, सांग, समजा, ते लाल टोपीवाले आजोबा, आणि कोच जाऊन परत येईपर्यंत खेळ सुरू करू नकोस. मुलं थांबलेली असतात, सगळे लाल टोपीकडे बघत असतात, यापेक्षा जास्त काही करावं लागत नाही बहुतेक वेळा. तरी नाही थांबले तर मॅच थांबव. तुला तो अधिकार आहे, मैदानात काय घडलं आणि नियम काय, दोन्ही ठरवायचा अधिकार फक्त रेफरीला असतो, रेफरी सतरा वर्षांची असली तरी.

चुकलीस तर "सॉरी, माझं चुकलं" एवढंच कॅप्टनला म्हण आणि पुढे हो. पुढची पेनल्टी भरपाई म्हणून देऊ नकोस, ते सगळ्यात वाईट, एक चूक होती त्याच्या दोन होतात.

अजून एक, हे तुझ्यासाठी नाही, आयोजकांसाठी लिहितेय. अठरा वर्षांखालचा रेफरी असेल तर तो पण लहानच आहे, त्याच्याबरोबर लाइनवर एक मोठं माणूस पाहिजे, फक्त पालकांकडे बघायला. पोरीला एकटीला शिट्टी देऊन तुम्ही चहाला जाता, हे बरोबर नाही.

आणि छोकरीला काय कळतं याचं उत्तर मी देत नाही, २०२२ ला ऑकलंडला महिला वर्ल्ड कपची फायनल झाली, न्यूझीलंड आणि इंग्लंड, ३४-३१, त्याची रेफरी होती स्कॉटलंडची होली डेव्हिडसन. मॅच शोध आणि नुसती तिच्याकडे बघ, बॉलकडे बघू नकोस. ती कुठे उभी राहते, कधी बोलते, किती कमी बोलते. जा रविवारी. आजोबा आले तर मला सांग, मी पण येते, मला त्यांच्या शेजारी बसून शेंगा खायच्या आहेत.

मी मुलांना शिकवतो. माझी अडचण वेगळी आहे, आमचे पालक रेफरीला काही बोलत नाहीत पण मुलांना बाहेरून कोचिंग करतात. एकजण पास म्हणतो, एकजण किक, एकजण पळ. मुलं गोंधळतात. कोणाला दुखवायचं नाहीये.
*एक कोच, गोत्री*

दुखवावं लागेल थोडं. पण मला हे वाचून खूप हसू आलं कारण आपल्या बडोद्याची एक खास गंमत मी डोळ्यांनी बघितलीये. गुजराती काका ओरडत होते "आप, आप!" म्हणजे दे, पास दे, आणि बॉल होता एका हिंदी बोलणाऱ्या मुलाच्या हातात, त्याला वाटलं आपल्यालाच कोणीतरी आदराने हाक मारतंय, तो थांबला आणि वळून बघायला लागला. पुढचं सांगत नाही, त्याला उचलून बाजूला ठेवलं समोरच्या दोघांनी.

सीझनच्या सुरुवातीला मीटिंग घ्या, दहा मिनिटं बास. दोन्ही टीमचे पालक एकाच बाजूला, दोरीच्या मागे, दोरी रेषेपासून दोन तीन मीटर आत नाही हं, बाहेर, आणि कोच, राखीव मुलं समोरच्या बाजूला. एका दोरीमागे दोन्हीकडचे आईबाप उभे राहिले की आवाज आपोआप उतरतो, शेजारच्या बाईचाच मुलगा टॅकल झाला तर तुम्ही "मस्त आडवा केला" कसे म्हणणार. परदेशात काही ठिकाणी एखादा रविवार बिनआवाजाचा ठेवतात, फक्त टाळ्या, आणि पालकांना तोंडात ठेवायला लॉलीपॉप वाटतात. आपण चिक्की वाटू. तिळाची नको, ती लगेच संपते, शेंगदाण्याची जाड, दाताला चिकटणारी.

आमच्या वेळी कबड्डी, खो-खो होतं, मल्लखांब होता. आता ही परदेशी धक्काबुक्की कशाला? आणि वर त्यात शिस्तीच्या गप्पा.
*एक आजोबा, रावपुरा*

आजोबा, नमस्कार. रग्बी परदेशीच आहे पण अगदीच परकी नाही, इंग्लंड आणि स्कॉटलंड दर वर्षी ज्या कलकत्ता कपसाठी भांडतात तो कप, कलकत्त्याचा रग्बी क्लब बंद पडला तेव्हा १८७८ मध्ये क्लबच्या बँकेतले चांदीचे रुपये वितळवून केला, त्याला धरायला नागाच्या आकाराचे कान आहेत आणि झाकणावर हत्ती. आणि तुम्ही ज्या शहरात राहता तिथल्या हिंद विजय जिमखान्याने १९२० च्या दशकात कबड्डी, खो-खोचे नियम छापून स्पर्धा भरवल्या होत्या, जुम्मादादा व्यायाम मंदिरात माणिकरावांनी किती पिढ्या घडवल्या, तिथे वस्तादाला कोणी उलट बोलत होतं का? तुमच्या वेळची जी शिस्त तुम्हाला आठवते तीच ही पोरं "सर" म्हणून करतात, तुम्ही एकदा या बघायला. फक्त लाल टोपी घालून येऊ नका.

मुलाच्या डोक्याला लागलं आणि रेफरीने बघितलंच नाही तरी आम्ही गप्पच बसायचं का?
*एक आई, कारेलीबाग*

नाही. अजिबात नाही, इथे माझं वरचं सगळं बाजूला ठेवा. पण आत पळत जाऊन रेफरीवर ओरडू नका, त्यात वेळ जातो, सरळ आपल्या कोचला किंवा फर्स्ट एडवाल्याला हाक मारा, ते लगेच रेफरीला थांबवू शकतात. नियम साधा आहे, डोक्याला मार लागल्याची नुसती शंका असली तरी त्या मुलाने बाहेर यायचं आणि त्या दिवशी परत आत जायचं नाही, तो कितीही "मी ठीक आहे" म्हणाला तरी, कोच कितीही म्हणाला तरी, फायनल असली तरी. उठताना झोक जातोय, नजर हरवलीये, स्कोअर किती हे परत परत विचारतोय, डोकं दुखतंय, प्रकाश सहन होत नाहीये, यातलं एकही पुरे. उलटी झाली, डोकेदुखी वाढत गेली, झोपेतून नीट जागा होईना किंवा मान दुखते म्हणाला तर थेट हॉस्पिटल, आणि मान दुखत असेल तर अॅम्ब्युलन्स येईपर्यंत त्याला तिथून हलवू नका, कोणी कितीही मदतीला धावलं तरी. आणि शाळेला सोमवारी चिठ्ठी द्या, कारण खूपदा घरी लक्षात ठेवतात आणि पीटीच्या तासाला पोरगा परत पळतोय.

मॅच संपल्यावर रेफरीला काय म्हणायचं? आमच्यात हरल्यावर कोणी त्यांच्याकडे बघत पण नाही. आणि रेफरी बाई असेल तर सर म्हणायचं की मॅडम?
*नववीतला मुलगा, वाघोडिया रोड*

मॅडम म्हण, किंवा आधी तिलाच विचार, माझ्या ओळखीच्या एकीला सर म्हटलेलंच आवडतं. मॅच संपली की आधी समोरच्या टीमशी हात मिळवायचे, मग दोन्ही टीम दोन ओळी करून मधून वाट देतात, टाळ्या वाजवतात, आणि मग रेफरीकडे जाऊन थँक यू सर, हरला असाल तरी, हरला असाल तर आधी. बास एवढंच, भाषण नको. त्यानंतर सगळे सेव उसळ खायला जाता ना, तर रेफरीला पण विचारा, बिचारे उपाशीच असतात सकाळपासून. मात्र तर्री किती ते आधी विचारून घ्या, मागे एका बाहेरगावच्या रेफरीला आमच्या पोरांनी न विचारता स्पेशल तिखट दिली, ते बिचारे डोळे पुसत होते आणि पलीकडच्या टीमला वाटलं आम्ही त्यांना काहीतरी बोललो.